दर शनिवारी मला आत आणायचे

"परत एकदा करायला सांगा ना तिला. मघाशी माझा फोन आडवा होता."

असं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एक बाई आमच्या मॅडमना म्हणाल्या. मला नाही. मी समोरच उभी होते, हातभर अंतरावर.

मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी चप्पल घातली. दुकानाच्या आतल्या खोलीपासून मागं गेले, परत दारापर्यंत चालत आले. थांबले. चप्पल काढली. वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. मान खाली घालून उभी राहिले. मग मॅडम आतून आल्या, माझा हात धरला आणि मला आत घेऊन गेल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं.

मी हसले. हसायचं असं ठरलेलं होतं.

दुकान पुण्यातलं. मॅडम स्वतः डिझायनर. आमच्या गडचिरोलीकडच्या कोशाचं रेशीम आणून त्याच्या साड्या, जॅकेटं, ओढण्या करतात. गिऱ्हाईक आलं की आधी आतली खोली दाखवायची. तिथं येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या वाळक्या फांद्या, फांद्यांना लटकलेले कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, आणि काचेच्या पेटीत जिवंत किडे. हिरवेगार, बोटाएवढे जाड.

पहिल्यांदा ती खोली झाडायला गेले तेव्हा आत काय आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दार ढकललं, पेटी दिसली, आणि पाय जागीच थांबले. चप्पल आपोआप निघाली. हात जमिनीला लागला. झाडू हातात, आणि आत जाता येईना.

आम्ही ढिवर. तलावाची मासोळी मारायची आणि कोसा काढायचा, हा आमचा धंदा. बाबा किडे येनाच्या झाडांवर सोडतात आणि रानातच झोपडी बांधून राहतात. कोसे होईपर्यंत दाढी नाही, मासोळी नाही. जमिनीवर झोपायचं, आपल्या हातानं रांधायचं, दिवसभर पाखरं हाकलायची. किडा म्हणजे देव. त्या देवाच्या रानात बाई चालत नाही. बाईची सावली पडली तर किडे मरतात म्हणतात.

घरून शिधा मी नेत असे. रानाच्या कडेला एक दगड आहे. त्याच्यावर तांदूळ-मीठ ठेवायचं, "बाबा, ठेवलं वो!" असं ओरडायचं आणि मागं न बघता फिरायचं. एकदा तिथंच पायात काटा मोडला. मी दगडाला टेकून बसले, काटा काढायला. रानातून मोठ्या काकाचा आवाज आला, "ए पोरी! ऊठ तिथून! बाटवतं का?"

उठले. काटा पायात घेऊनच घरापर्यंत आले. मायनं सुईनं काढला. ती चुलीजवळ बसून कोसे उकळत होती. कारण एकदा कोसे उकळत्या पाण्यात पडले, आतला जीव मेला, की मग ते बाईचं काम. मायनं लुगडं वर सरकवून मांडीवर सूत वळायचं. तिच्या डाव्या मांडीला कातडी अशी राहिलीच नाही. घट्टा आहे, काळा, चकचकीत.

जिवंत किड्यापाशी बाईची सावली नको. मेलेल्या कोशाला मात्र बाईची मांडी पाहिजे. हे मी लहानपणापासून बघत होते, पण असं एका ओळीत कधी आलं नव्हतं मनात.

त्या दिवशी मॅडमनी मला दारात थांबलेलं बघितलं. "अगं, काय झालं?" मी सगळं सांगितलं. दगड, काटा, काका, सगळं. पुण्यात आल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून भडाभडा सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला, मला आत नेलं. "इथं तुला कोणी थांबवणार नाही, बेटा."

मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. मी आठवीत शाळा सोडलेली. चंद्रपूरला शिवणाचं शिकताना मॅडमनी मला निवडलं, इथं आणलं, राहायला खोली दिली. डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसल्या. मोसंबी सोलून दिली. आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर तुझ्या धाकट्या बहिणीलाही घेऊन येऊ." माझी बहीणही शाळा सोडून घरी बसलीय. आता शिधा ती नेते. तिला तिथून काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मॅडम नाराज होतील असं काही करायचं नाही. चहाचा कप विसळतानासुद्धा माझा जीव धडधडायचा.

पुढच्या शनिवारी गिऱ्हाइकं आली तशी मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी केलंस ना, तसंच कर. नॅचरल."

मग दर शनिवारी. आखूड लुगडं आलं. गळ्यात घालायला मण्यांच्या माळा आल्या. मी म्हटलं, मॅडम, हे आमचं नाही, हे गोंडांचं आहे. "अगं, इथं कोणाला कळतंय." नंतर रील निघाली. मी दारात, मॅडमचा हात, मी आत. खाली अक्षरं, आम्ही तिला आत आणलं.

दुकानात काजंबटणं करणाऱ्या सुनंदाताई धागा दातानं तोडत म्हणायच्या, "तुझं बरंय गं बाई. दर शनिवारी उद्धार होतो. आमचा नंबर कधी?"

सगळे हसायचे. मीपण.

रील आमच्या गावात पोचली. बाबांचा फोन आला. गावात रेंज नाही, ते बंधाऱ्यावर चढून बोलतात. वारा ऐकू येत होता.

"किडे काळे पडले, बाई. सारे गळले."

मी फोन कानाला दाबला.

"तुहा व्हिडिओ पाह्यला लोकायनं. भावकी म्हणते, घरची पोरगी किड्यात शिरली म्हणून झालं."

"तुमी काय म्हणता, बाबा?"

"मी काय म्हणू? पुढच्या वक्ती किडे सोडू देतेत का नाई, तेच पाहून राह्यलो."

फोन बंद झाला. समोर साडी होती, हातात इस्त्री. साडी जळू नये म्हणून मी इस्त्री उभी केली. तेवढी भीती तेव्हाही होती.

गावात मला दगडापाशी थांबवलं. इथं मला आत आणतात. पण आत आणायचं तर आधी मी दारात थांबले पाहिजे. दर शनिवारी नव्यानं थांबले पाहिजे. मी थांबलेच नाही तर मॅडमच्या हाताला धरायला काय राहील? टाळ्या कशाला वाजतील? माझ्या त्या थांबण्यावर गावचा देव चालत होता आणि पुण्याचं दुकानही.

शनिवार आला. साखरपुड्याच्या खरेदीला मायलेकी आल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, ही तीच, रीलमधली." फोन वर झाला. मॅडमनी खूण केली.

मी चालत गेले. दारात थांबले नाही. चप्पल पायात होती, ती फरशीवर चटचट वाजली. पेटीपाशी गेले, काच सरकवली आणि एक किडा हातावर घेतला.

ढिवराच्या घरात जन्मून मी तोवर किड्याला हात लावला नव्हता. गार होता. त्यानं आपल्या बारीक पायांनी माझं बोट घट्ट धरलं.

"ई!" मुलगी मागं सरकली.

"अगं, चप्पल!" मॅडम हळूच म्हणाल्या. "बाहेर जा, परत ये."

"नाई येत."

एवढंच बोलले.

मायलेकींनी साडी घेतलीच. त्यांचं काही अडलं नाही. संध्याकाळी मॅडमनी मला समोर बसवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मी तुझ्यासाठी काय केलं नाही, सांग."

"केलं मॅडम. सगळं केलं."

"मग?"

"दारात उभी नाई राहत आता."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "बहिणीचं आपण नंतर बघू." नंतर म्हणजे कधीच नाही, हे कळायला शाळा लागत नाही.

आता मी तळघरात असते. इस्त्री करते, धागे कापते. वर कोणी आलं-गेलं कळत नाही. दारात उभं राहायला दुसरी मुलगी बघतायत म्हणे. पेटीतले किडे दोन दिवसांत मेले. पाला सुकला होता, ताजा कोणी घातला नाही. गावात कळलं तर म्हणतील, तिनं हात लावला म्हणून.

काल बहिणीचा फोन आला. दुसऱ्या पिकाचे किडे सोडलेत. भावकीनं कसंबसं सोडू दिलं.

"ताई, माह्या तिकिटाचं काय झालं?"

"नाई झालं. मीच येतो दिवाळीत. शिधा मी नेतो."

"दगडावरच ठेवशीन ना?"

"नाई."

ती घाबरली. मला तिचा श्वास ऐकू आला.

"अन् किडे मेले तं?"

"किडे तं मरतेतच, चुलीवर. मायची मांडी पाह्य."

ती सोबत येणार नाही, मला माहीत आहे. बाबा माझ्या बाजूनं उभे राहणार नाहीत. भावकी आम्हाला बाहेर काढेल. परत आले तर या तळघरात माझी जागा असेल की नाही, तेही सांगता येत नाही.

तरी मी जाणार. शिधा डोक्यावर घेऊन त्या दगडाला ओलांडून रानात जाणार, आपल्या पायानं. आणि आत न्यायला कोणी हात पुढं केला, तर तो हात धरणार नाही.