बदलीची साक्ष

शैलाला — म्हणजे माझ्या बायकोला — अजून वाटतं की त्या दिवशी मी पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. अकरा वर्षं झाली. तिला मी खरं सांगितलेलं नाही. आमच्या पाळकसाहेबांनाही नाही. देवापुढं गुडघे टेकतो तेव्हासुद्धा त्या विषयाच्या आसपास घुटमळतो, चार आजारी माणसांची नावं घेतो आणि आमेन म्हणून उठतो. मग तुम्हाला का सांगतोय? नीट ठाऊक नाही. दमलोय, एवढं मात्र खरं.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचं चर्च छावणीकडे. रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते — आठवड्याभरात देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून मंडळीला सांगायचं. बाकीच्यांना आग्रह करून उठवावं लागतं. मला बसवावं लागतं. नळाला आठव्या दिवशी पाणी आलं आणि नेमकी तेव्हाच मोटार जळाली. घरी पाहुणे आले आणि सिलिंडर संपला. स्कूटर बंद पडली ती थेट सासऱ्यांच्या दारासमोर — असल्या रोजच्या कटकटींतून मी देवावरचा भरवसा असा काही काढून दाखवायचो, की मंडळी आधी हसायची आणि मग डोळे पुसायची. उपासनेनंतर लोक हात हातात घेऊन म्हणायचे, ‘‘भाऊ, तुमच्यासारखा विश्वास पाहिजे बघा.’’ मी मान खाली घालायचो. नम्रपणाने? छे — हसू दिसू नये म्हणून.

खरी अडचण आली, तेव्हा हा विश्वास किती दिवस टिकला म्हणता? वीस.

शैला कन्नड गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होती. सकाळी सहाची एसटी, मग जीप, मग थोडं पायी. संध्याकाळी तसंच उलटं. तिची पाठ कायमची धरली. बदलीचा अर्ज तीनदा केला, तीनदा कुठंतरी अडकला. मग आम्ही दोघांनी ठरवलं — उपास-प्रार्थना करायची, आणि देवावर सोडायचं. शैलानं सोडलं. मी विसाव्या दिवशी ओळखीच्या एका माणसाकडून चिठ्ठी घेतली आणि एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर गेलो. घरून निघायला कारण हवं म्हणून जळालेली मोटार पिशवीत घातली. वाटेत बर्फी घेतली. आणि त्या बंगल्याच्या ओसरीवर चार तास बसलो — मांडीवर बर्फीचा पुडा, पायाशी मोटार. दारावरचा माणूस दोनदा विचारून गेला, ‘‘चचा, थैली में क्या है? साहब कू देना है क्या?’’

शेवटी साहेब बनियनवर बाहेर आले, अर्ज घेतला, ‘‘बघू’’ म्हणाले. बाराव्या दिवशी ऑर्डर निघाली. हर्सूलजवळची शाळा, शहरालगतच. शैला ऑर्डर हातात धरून रडली, म्हणाली, ‘‘बघा, देवानं ऐकलं का नाही?’’

आता इथं थांबा जरा. साहेबांकडे जाणं हे पाप होतं, असं मी म्हणत नाही. कुणीच म्हटलं नसतं. पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर ते हसून म्हणाले असते, देव माणसांच्या हातूनच काम करतो की. शैलानंही दोन दिवस गाल फुगवले असते आणि सोडून दिलं असतं. म्हणजे खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती — हे जास्त झोंबतं.

पुढच्या रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. एसटी सांगितली, जीप सांगितली, शैलाची पाठ सांगितली. मंडळी हसत होती. मग उपासाचे दिवस सांगितले, आणि सगळे गप्प झाले. त्या शांततेत मला काय झालं कोण जाणे — मी हात वर केला आणि म्हणालो, ‘‘बंधुभगिनींनो, मी एकाही माणसाच्या दारात उभा राहिलो नाही.’’

तसं पाहिलं तर खरंच होतं. बसलो होतो.

हा विनोद मी मनाशी किती वर्षं केला असेल! दरवेळी कमी हसू आलं.

त्या दिवशी तिसऱ्या बाकावर वत्सलाताई होत्या. वत्सलाताई नर्स — कन्नडकडच्याच एका सरकारी दवाखान्यात. त्यांचे यजमान शांतवनभाऊ. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. मूलबाळ नाही. ताई पहाटे त्यांचं सगळं आवरून निघायच्या, शेजारीण दुपारी जेवू घालायची, बाकी दिवसभर ते एकटे. ताईंनाही बदली हवी होती. शैलापेक्षा कितीतरी जास्त हवी होती.

उपासनेनंतर त्या चपला घालता घालता थांबल्या.

‘‘भाऊ, सलाम. मी उद्या एकाकडं चालले होते. माझ्या भाच्यानं ओळख काढली होती.’’

त्यांनी नाव सांगितलं. तेच साहेब.

‘‘आता नाय जात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्यासाठी केलं त्यानं, मंग माझ्यासाठी का नाय करणार? माझा देव काय येगळा हाय का?’’

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ताई, जा. मीसुद्धा गेलो होतो. बस. पण आजूबाजूला माणसं होती. शैला शेजारीच उभी होती, ऑर्डर आल्यापासून पहिल्यांदा चांगली साडी नेसून. मी काय म्हणालो, सांगू?

‘‘प्रभू पाहील, ताई.’’

त्या गेल्या नाहीत. पुढं भाच्यानं हात टेकले. सहा वर्षं त्या एसटीनं जात राहिल्या. बस फेल झाली, रस्ता उखडला, संप झाला, स्वतःला ताप आला — त्यांची साक्ष एकच असायची. ‘‘देवाला उशीर झालाय, पण तो इसरला नाय.’’ मी जो भरवसा शब्दांत मांडायचो, तो ही बाई रोज पहाटे डब्यासोबत पिशवीत घालून निघायची. आणि मी तिसऱ्या बाकाकडं न बघता आमेन म्हणायचो.

मन खायला लागलं, तेव्हा मी काय केलं? कबुली दिली? नाही — दाढी केली. शांतवनभाऊंची. दर बुधवारी हाफ डे टाकून त्यांच्याकडं जायला लागलो. दाढी करायची, चहा पाजायचा, कुशीवर वळवायचं. मंडळीत माझं आणखी नाव झालं. पण शांतवनभाऊ गालाला साबण लावून झाला की अर्ध्या तोंडानं म्हणायचे, ‘‘बद-लीची... सांग.’’

त्यांना माझी साक्ष ऐकायची असायची. त्या माणसाकडं दिवसभर दुसरं काय होतं? आपली बायको का जात राहते आणि कधी थांबेल, याचं उत्तर त्यांना माझ्या गोष्टीत सापडत होतं. मी सांगायचो. दर बुधवारी. आणि सांगणाऱ्याची जीभ शेवटी सांगणाऱ्याचीच — दरवेळी थोडी भर घालायचो. विसाचे चाळीस दिवस झाले. मला न पडलेलं एक स्वप्नही आलं. त्यांचा डावा डोळा भरून यायचा, आणि मी वस्तऱ्याकडं बघत बसायचो.

एका बुधवारी मी गेलो नाही. काम नव्हतं. तब्येत ठीक होती. स्कूटरसुद्धा चालू होती. पुन्हा एकदा ती गोष्ट सांगायची ताकद नव्हती, म्हणून ऑफिसातच खुर्चीत बसून राहिलो. त्या दुपारी शेजारीण जेवण ठेवून गेल्यानंतर कधीतरी शांतवनभाऊ गेले. एकटेच. ताई तेव्हा कन्नडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होत्या.

मी असतो तर वाचले असते? डॉक्टर नाही म्हणाले. पण कुणीतरी हात धरायला असतं. आणि त्या साहेबांच्या ओसरीवर ताई बसल्या असत्या तर? शैलाची बदली बाराव्या दिवशी झाली होती. गणित मला येतं.

चौदा महिन्यांनी ताईंची बदली आपोआप झाली. छावणीपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. त्यांनी मंडळीसमोर देवाचे आभार मानले, आणि म्हणाल्या, ‘‘ज्या दिवशी डगमगले, त्या दिवशी मला भाऊंची साक्ष आठवली.’’ मंडळीनं माझ्याकडं वळून बघितलं. मी मान खाली घातली. त्या दिवशी हसू नव्हतं.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाल्या. परवा त्यांच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. पुढच्या खोलीत, जिथं पूर्वी शांतवनभाऊंची खाट होती, तिथं सतरंजी अंथरलेली. मंडळीतली एक नवी नर्स आली होती. तिची नेमणूक दूर सोयगावकडं, घरी तान्हं बाळ. ताईंनी तिला माझ्यासमोर आणून बसवलं. म्हणाल्या, ‘‘भाऊ, हिला सांगा ना तुमची बदलीची गोष्ट. लई धीर येतो बघ, पोरी.’’

शैला कौतुकानं माझ्याकडं बघत होती.

मी सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चाळीस दिवसांची, स्वप्नासकट. ती पोरगी डोळे पुसत उठली.

हे परवाचं आहे. अकरा वर्षांपूर्वीचं नाही.

साक्ष संपली की आमच्यात ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. ते मी म्हणत नाही. नुसताच बसतो.