कोऱ्या चादरीवरचा डाग

पाठीमागे सगळी इमारत तिला डागकाकू म्हणायची आणि तोंडावर नुसतं काकू. तोंडावर काही बोलायची कुणाची टाप नव्हती. पण कपड्याला काही लागलं की हेच लोक जिना चढून तिच्या दारात उभे राहायचे. खिशात फुटलेलं पेन, टेबलक्लॉथवर सांडलेली कॉफी, पँटला लागलेलं सायकलचं ग्रीस. काकू कपडा उजेडात धरायची, आणणाऱ्याला आधी चार शब्द सुनवायची आणि मग कामाला लागायची. तिचा एक डोळा तरुणपणीच ब्लीच उडून गेला होता. उरलेल्या एका डोळ्याला जे दिसायचं, ते दोन डोळेवाल्यांच्या बापालाही दिसायचं नाही.

तिची रीत ठरलेली. कपडा ओला झाला की डाग लपतो आणि वाळला की पुन्हा हजर होतो. म्हणून पाण्यात घालण्याआधी ती डागाभोवती लाल दोऱ्याचं कडं टाचायची. मग शाई असेल तर स्पिरिटचा बोळा, गंज असेल तर लिंबू-मीठ आणि ऊन, तेलकट असेल तर वर पीठ दाबून ठेवायचं. चोळायचं नाही, कडेकडून आत टिपत यायचं. कपडा वाळला आणि कड्यात काही उरलं नाही, की मगच दोरा उसवायचा. आणि तो तिनेच उसवायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मुलाचं लग्न झालं आणि टिपायला आयते दोन हात मिळाले. सून चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची. ती नोकरी काकूने लगेच सोडायला लावली. "लोकांच्या डोळ्यांची काळजी पुरे, घरातली धुणी बघ." मुलगा मूग गिळून बसला. फार भला माणूस, असं सगळे म्हणायचे. भला म्हणजे काय, तर घरात आवाज चढला की पायात चपला सरकवून खाली फेरी मारायला जाणारा.

त्याच दिवसांत सुनेच्या हातून चूक झाली. पाळीचा डाग पडलेली चादर तिने घाईघाईत कढत पाण्यात बुडवली. रक्ताला थंड पाणी लागतं. गरम पाण्याने ते धाग्यात बसतं ते बसतंच. चादरीवर तपकिरी ठसा राहिला. काकू ओरडली नाही. तिने त्याच्याभोवती लाल कडं टाचलं आणि चादर रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातली. आठवडाभर. खालचा दुकानदार मान वर करून बघायचा. शेजारणी विचारायच्या, "नव्या सुनेचं का हो?" काकू सांगायची, "शिकतेय अजून." सुनेने हात जोडले, रडून झालं. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, निदान तुम्ही तरी काढा ती." तो म्हणाला, "कशाला आईचं मन दुखवायचं?" अशी गोष्ट माणूस विसरत नाही, आणि का विसरावी?

वर्षं गेली. सून ब्र न काढता धूत राहिली. शेजारपाजारचे कपडे आता तीच धुवायची आणि शाबासकी काकू घ्यायची.

मग एका उन्हाळ्यात काकूला जिथे तिथे डाग दिसू लागले. धुऊन वाळवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ती लाल कडं टाचायची आणि चादर सुनेपुढे टाकायची. "हा काय? आंधळी आहेस का?" सून बघायची तर कड्यात काहीच नसायचं. पण काकूचा डोळा कधी चुकत नाही, त्यामुळे सुनेला आधी स्वतःचीच शंका आली. तिने चादर खिडकीशी नेली, उलटी करून पाहिली, पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी कडं भलत्याच टोकाला. आणि तेही वेडंवाकडं. जिची कडी बांगडीसारखी गोल यायची, तिचा टाका आता भरकटायला लागला होता.

सुनेने एकदा पाकिटातली कोरी चादर काढली, घडी मोडली आणि धुतलेली म्हणून काकूपुढे ठेवली. काकूने ती उजेडात धरली, तोंड वाकडं केलं आणि मधोमध कडं टाचायला घेतलं.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. काकू त्याच्याकडे बघून म्हणाली, "नाकाला काय काळं फासून आलास?" त्याने रुमालाने नाक पुसलं. "गेलं?" "कुठलं जातंय!" तो हसला. "आई, तुला आता माणसंही धुवायला पाहिजेत," असं म्हणत त्याने टीव्ही लावला.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनेने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. त्याचं नाक स्वच्छ होतं. डाग चादरीवर नव्हता आणि नाकावरही नव्हता. काकू जिथे बघेल तिथे तो जात होता.

सून नोकरी करायची त्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवर चौकटींचा एक तक्ता असायचा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध काळं दिसलं, तर त्या गिऱ्हाइकाला चष्मा विकायचा नाही, ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे मालकाने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. वेळेत गेलं तर नजर वाचू शकते. उशीर झाला तर गेलेली परत येत नाही. काकूला तर तो एकच डोळा. एका वाक्याचं काम होतं. ते बोलायला सून पुढेही झाली.

"कोरी चादरसुद्धा घाण करून ठेवलीस," काकू म्हणाली. आता मात्र तिला पाकीट दिसलं होतं. "तुझ्या आईने तुला दुसरं शिकवलंय काय?"

सून जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "हो, आई. आहे खरा डाग. माझ्या आधी लक्षातच आला नाही."

तेव्हापासून ती दर वेळी हो म्हणत गेली. काकूने विचारावं, "आज मोठा दिसतोय का गं?" हिने सांगावं, "हो, पसरलाय थोडा." "काळसर?" "चांगलाच काळा." स्वच्छ कपडे ती भिजवायची, टिपायची, वाळवायची आणि पुन्हा भिजवायची. बोटांना चिरा पडल्या होत्या, तरी मन हलकं होतं, हे कशाला लपवायचं? एखाद्या सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. मग काकू चहाच्या घोटाबरोबर काहीतरी टाकून बोलायची आणि आजचं उद्यावर जायचं. काकू मात्र खूश होती. शेजारणींना सांगायची, "सुनेची नजर तयार झाली बरं का." एकदा तर तिने सुनेसाठी स्वतःच्या हाताने चहा ओतला. अर्धा कपात, अर्धा ओट्यावर.

पुढे काकू भर दुपारी जिन्यात पायरी चुकून पडली. गुडघा सुजला, आणि पायरी दिसलीच नाही असं तिने सांगितल्यावर मुलगा एकदाचा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सूनही बरोबर होती. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. आत मधोमध रक्त साचून वण झाला होता. सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनं देऊन बघितली असती, ते म्हणाले. आता कडेकडेचं दिसेल तेवढंच. समोरचं माणूस दिसायचं नाही.

"काळा डाग दिसायला कधी लागला?" त्यांनी विचारलं.

"मला कशाला दिसेल?" काकू फणकारली. "डाग कपड्यांवर होते. हिला विचारा, हिनेच धुतलेत. रोज सांगायची मला, आज मोठा झालाय, आज पसरलाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलगा बायकोकडे वळला. ती कधीकाळी कुठे नोकरी करत होती हे त्याला आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरत गेला.

काकू सुनेला शोधत होती. सरळ बघितलं की तिथे नुसतं काळं. म्हणून तिने मान भिंतीकडे फिरवली, तेव्हा कडेने सून दिसली.

"सांग ना गं यांना," ती म्हणाली. "पोटचा पोरगाही हसण्यावारी न्यायचा. एक तूच होतीस, जिला माझ्यासारखं दिसायचं."

सुनेला वाटलं होतं, हा दिवस आला की गार वाटेल. तिने चिरा पडलेली बोटं पदराआड घेतली.

"हो," ती म्हणाली. "मला दिसत होतं."

काकूने समाधानाने मान हलवली.

"बघा," ती भिंतीकडे तोंड करून डॉक्टरांना म्हणाली, "मी शिकवलंय तिला."