जिजाची गाठ

आपल्या पोटात गाठच निघावी म्हणून देवीला साकडं घालणारी बाई कुणी पाहिली आहे का? कळंबच्या जिजाने घातलं होतं. हसू नका, आधी ऐका.

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी जिजाची कूस उजवली नव्हती. पाळी यायची ती नुसती रक्ताची धार, आणि पोटात असं दुखायचं की ती कामाला जायची त्या रिसॉर्टच्या चुलीपुढे भाकऱ्या थापताना ती ओठ चावून बसायची. सासू अंबूबाई तोंडाची फटकळ. आळीत कुणाचं डोहाळजेवण असलं की म्हणायची, "तू घरीच ऱ्हा गं, उगा लोकं नावं ठेवतील."

मग नेरळला एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीत गाठ दिसतेय. साधी आहे, कॅन्सरची नाही. काढली की मूल राहायला अडचण नाही. झालं! अंबूबाईने अख्ख्या आळीला सांगितलं, "माज्या सुनंत खोट नाय, त्या गाठीत खोट हाय." शेजारणीने जिजाला पहिल्यांदा ओटी भरायला बोलावलं. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती मेली गाठ तिला चक्क आवडायला लागली.

पण ऑपरेशन? आधी लावणी, मग कापणी, मग झोडणी. गाठ काय कुठे पळून जातेय, असं म्हणत दोन वर्षं ढकलली. शेवटी कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनआधी पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं ठरवलं. जिजा बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून बाकावर बसली. गाठच असू दे गं आई, दुसरं काही नको, एवढंच तिच्या मनात. शेजारी नवरा हरेश बसला होता.

बाईंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "गाठ असती तर तिची कड वेगळी दिसली असती. लाडवातला बेदाणा काढावा तशी काढता आली असती. इथे कडच नाही. पिशवीची भिंतच सुजून जाड झालीय. जिवाला धोका नाही, औषधांनी त्रास कमी होईल. पण काढायचं म्हटलं तर सगळी पिशवीच काढावी लागेल."

"आन् मूल?" जिजाने विचारलं.

"चाळिशी जवळ आली जिजाताई. फार आशा लावून बसू नका."

परतताना मोटारसायकलवर जिजा हरेशच्या पाठीला कपाळ टेकून रडली. मुलाचं दुःख तर होतंच. पण गाठ नाही म्हणजे खोट पुन्हा आपल्याच माथी, हे तिला जास्त जाळत होतं. अहो, आजार तो आजार, त्यात बाईचा काय दोष! पण हे आळीला कोण समजावणार?

अंबूबाई दारातच उभी. "काय म्हनली गं डॉक्टरीन? गाठ हाय ना?"

जिजा पुन्हा रडायला लागली.

"हाय," हरेश खाली बघत म्हणाला. "गाठच हाय, आये."

"मग रडतेस कशाला गं येडे? यंदा झोडणी गेली खड्ड्यात, आदी गाठ काढू." अंबूबाईने सुनेला ओढून तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि केसांतून हात फिरवत बारशाला कुणाकुणाला बोलवायचं ते सांगत बसली. जिजा तोंडात पदर कोंबून ऐकत राहिली.