काकांचा दुपट्टा आणि तलावाकाठचा तंबू

धाकटी बहीण पुण्याहून येणार होती, म्हणून मी भाचीला फोनवर ऐटीत सांगून टाकलं, की नवेगावबांधच्या तलावाकाठी तंबूत एक रात्र झोपायचं, जंगल काय आपल्या घरचंच आहे. तिने ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

तंबू मोजकेच आणि बुकिंग ऑनलाइन. सकाळी मोबाइल घेऊन बसलो. तारीख निवडली, सगळ्यांची नावं भरली, ओटीपी आला, तो टाकेपर्यंत तंबू गेला. दुसऱ्या दिवशी बायकोलाही तिचा मोबाइल देऊन शेजारी बसवलं. आधार कार्ड कोणाचं टाकायचं यावरून आमचं वाजलं आणि तेवढ्यात उरलेलाही गेला. तलाव आमच्या जिल्ह्यातला आणि झोपणार परगावचे, याचा मला भयंकर राग आला.

काका पलंगावरून हे सगळं बघत होते. बसस्टँडवर आमच्या काकांना तोड नाही. गाडी धड थांबायच्या आत ते खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा आत टाकतात आणि तो पडला की सीट आमची. आमच्या घरचं माणूस कधी उभ्याने गेलेलं नाही.

"कायले डोस्कं पिकवून राहिला?" ते म्हणाले. "मी जाऊन जागा धरतो."

मी ते हसण्यावारी नेलं. ठरल्या दिवशी ते खरंच पहिल्या बसने निघून गेले. निदान तलाव तरी दाखवू म्हणून आम्ही दुपारी पोचलो, तर काका एका तंबूसमोर ऐसपैस बसलेले आणि आत खाटेवर त्यांचा दुपट्टा. तंबूलाही खिडकी होतीच. चौकीदाराने समजावून समजावून हात टेकले होते. भाचीने आनंदाने उडी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ज्यांचं बुकिंग होतं ते नागपूरचे आजोबा-आजी आले. आता जुंपणार म्हणून मी पुढे सरसावलो. पण आजोबांनी आत डोकावून दुपट्टा पाहिला, हातातला बुकिंगचा कागद खिशात घातला आणि बॅगा बाहेरच ठेवल्या.

"जागा धरली आहे काय, भाऊ?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बॅगेवरच टेकलेल्या आजींकडे पाहिलं. आत गेले आणि दुपट्टा उचलून घेऊन आले.

"बसा जी. तुमच्यासाठीच तं धरून राहिलो होतो."

आजींनी आम्हाला चिवडा दिला. संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो, अर्थातच बसून. भाची वाटेत काकांच्या मांडीवर झोपून गेली. आता ही शाळेत काय तोंड दाखवणार, या विचाराने मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढे बहिणीचा फोन आला. भाचीने वर्गात सांगितलं होतं, की तंबू आम्हालाच मिळाला होता, पण एक आजी उभ्या होत्या म्हणून आमच्या आजोबांनी उठून त्यांना दिला. त्यात माझा उल्लेख कुठेच नव्हता, हे ऐकून मला फार बरं वाटलं.