शरदचा संघ

दीनानाथ रेवदंड्याचा, आणि मासे खात नाही. सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका खासगी इस्पितळात तो एक्स-रे काढतो. शुक्रवारी दुपारी श्रीवर्धनचा यूनुस जिझानहून आणलेली मासळी तळतो, तेव्हा दीनानाथ शेजारी बसून वरणभात जेवतो. नवस आहे, एवढंच सांगतो.

नवस फुटबॉलचा होता. शेजारचा शालोम नवगावकर, कोकणातल्या ज्यूंपैकी, बेने इस्रायली, आईबापांबरोबर इस्रायलमधल्या बेरशेव्याला निघाला तेव्हा दोघे सोळा वर्षांचे होते. तिथल्या हापोएल संघाने पूर्वी लागोपाठ दोनदा लीग जिंकली होती. पुन्हा जिंकेल तेव्हा दोघांनी मिळून अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या खडकापाशी मलिद्याचा नैवेद्य करायचा, असं ठरलं. तोवर दीनानाथने मासे सोडले. सहज जिंकतील, असं दोघांनाही वाटलं होतं.

तीसेक वर्षं गेली. संघाने एकदा कप जिंकला आणि पुढच्याच हंगामात तो खालच्या गटात घसरला. शालोम पत्रांतून, पुढे फोनवर आवाजी निरोप पाठवून सगळं कळवायचा. दीनानाथने ते मैदान कधी पाहिलं नाही, पण तिथे वारा कुठून येतो ते त्याला ठाऊक होतं. २०१६ साली लीग आली. त्याच वर्षी संघाने इंटर मिलानला मिलानमध्ये हरवलं, आणि घरी दोन गोलांनी मागे पडूनही पुन्हा हरवलं. त्या निरोपात शालोम रडत होता. दीनानाथने तो एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत ऐकला. बाहेर यूनुसने विचारलं, तेव्हा पुण्याचा मित्र शरद, म्हणून सांगितलं. फोनमध्येही त्याने शरदच लिहिलं होतं. असं कर म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लीग आणखी दोनदा आली. मलिदा राहिला. कधी याची रजा नाही, कधी त्याचं विमान नाही, मग साथ, मग युद्ध. यंदा जमलं. शालोम रेवदंड्याला आधी पोचणार, दीनानाथ आठवड्याने.

तिकीट हातात असताना पद्मिनीचा, बायकोचा, फोन आला. शालोमभावजी येऊन गेले, मलिद्याचं ताट देऊन गेले. पोहे, खोबरं, खजूर. किती छान झालं म्हणाली.

दीनानाथने निरोप धाडला. थांबला का नाहीस?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आवाज शांत होता.

"वहिनी चहा देताना हसत म्हणाल्या, हे तुम्हाला शरद म्हणतात हो तिकडे. तुझी भीती मला कळते, दीना. पण एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होतो? खडकापाशी मी तुझंही नाव घेतलं, खरं नाव. नवस फिटला. मासे खा."

दीनानाथने तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. चाळीस वर्षं त्याने ताट बाजूला सारलं होतं, आणि दुसऱ्याने एकट्याने जाऊन नवस फेडला होता. तिकीट त्याने रद्द केलं.

शुक्रवारी त्याने यूनुससमोर ताट सरकवलं. यूनुस झारा हातात धरून बघत राहिला.

"नवस फिटला काय दीनाभाई? कुणी फेडला?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं, आणि यूनुस त्याचा बारा वर्षांचा सोबती होता.

"शरदने," दीनानाथ म्हणाला, आणि त्याने तुकडी मोडली.