छान म्हणजे कसं?

डबा उघडला की नाना कुणालाच पहिला घास घेऊ देत नसत. "थांब रे, आधी वास घे," असं म्हणून स्वतःच समोरच्याच्या डब्यावर असे वाकायचे, की चष्मा आमटीत पडतोय की काय असं वाटावं. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. "वहिनी आज हिंग विसरल्या. सकाळी भांडण झालं काय?" बहुतेक वेळा झालेलं असायचं.

तुमच्याही कचेरीत असा एकजण असेल. आमच्या फोर्टातल्या विम्याच्या कचेरीत नाना होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे, आणि राहायला ठाकूरद्वारच्या त्याच वाडीत, माझ्या समोरच्या चाळीत. त्यामुळे कचेरी सुटली तरी नाना सुटत नसत. कुठे लग्नाला, बारशाला जाऊन आलो की जिन्यातच अडवायचे.

"जेवण कसं होतं?"

"छान होतं, नाना."

"छान म्हणजे कसं? छान तर हवापण असते."

माझी जीभ बिनडोक आहे असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते खरं होतं.

त्यांची बायको लवकर गेली. मागे एक मुलगी. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची, तेव्हा नाना तिचं बोट धरून तिला खायला घेऊन निघायचे. कुठे कोंबडी-वडे, कुठे इराण्याकडचा ब्रून पाव, कुठे वाडीला कळू न देता भेंडीबाजारातली मटणाची नळी. एकदा परत येताना तिने जाहीर केलं, "बाबा, मी मोठी झाले ना, की तुम्हाला जगातलं सगळ्यात भारी जेवण घालणार." हे वाक्य नानांनी कचेरीत इतक्यांदा सांगितलं, की शिपायालाही पाठ झालं होतं.

ती मोठी झाली, भरपूर शिकली आणि नोकरीसाठी फ्रान्सला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवलात बाबा?" बाकीची चौकशी नंतर. नाना खिडकीत उभे राहून बांगडा कसा मिळाला, कसा चिरला, तिरफळं किती घातली, इथून सुरुवात करायचे. ते ऐकून समोरच्या चाळीत माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. परळच्या इस्पितळात किरणांचा शेक घ्यायला मी त्यांच्याबरोबर जायचो. गाठ विरघळली, पण तिच्याबरोबर चवही गेली. वासही जवळजवळ गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो." नानांनी वाट पाहिली. लोणच्याची फोड चाखून बघायचे, हिरवी मिरची चावायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडात काही नाही.

"पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं रे," एकदा म्हणाले. मग माझा दंड धरून म्हणाले, "पण बायला, माझ्या पोरीला, बोलायचं नाही. मी तिला सांगितलंय, चव आली म्हणून. नाहीतर ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल."

आणि दर रविवारी खिडकीतून बांगड्याचं वर्णन चालूच राहिलं. फक्त आता घरात बांगडा नसायचा. मऊ भात असायचा.

त्यांच्या पंचाहत्तरीला मुलीने तिकिटं पाठवली. नानांनी एकट्याने प्रवास करू नये म्हणून माझंही. तिने एका खेड्यातलं पाहुणेघर ठरवलं होतं. द्राक्षांच्या मळ्यांमधलं जुनं दगडी घर, निळ्या झडपांच्या खिडक्या, मालकीण साठी उलटलेली, एकटीच राहणारी. आणि तिथून चालत जाता येईल इतक्या जवळ ते हॉटेल, ज्याची जागा मिळायला लोक महिनोन् महिने थांबतात. नाना हे फोनवर ऐकून "वा, वा" म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा झाला होता.

त्या घराच्या वरच्या खोलीत, हॉटेलात जायच्या आधी, नानांनी मला खाटेवर बसवलं.

"हे बघ. प्रत्येक पदार्थ तू आधी खायचास आणि मोठ्याने बोलायचंस. कसं लागतंय ते. पुढचं मी बघतो."

"नाना, मला कुठे काय कळतं?"

"म्हणूनच सांगतोय. छान म्हणू नकोस."

हॉटेलात सगळं इतकं शांत होतं, की माझाच चमचा मला ऐकू येत होता. मुलीने निळी साडी नेसली होती. ती स्वतः जवळजवळ जेवतच नव्हती. प्रत्येक ताटली आली की हनुवटीखाली हात घेऊन बापाच्या तोंडाकडे बघत बसायची.

पहिला पदार्थ आला. मी खाल्ला. "छान आहे," तोंडातून निघून गेलं. टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट बसला.

"म्हणजे, आंबटसर आहे," मी घाईने म्हणालो. "चिंचेसारखं नाही. आमसोलासारखं... नंतर लागतं."

"मागून येतं ना?" नानांनी लगेच घास घेतला, डोळे मिटले. "बरोबर. आधी लोणी पुढे येतं आणि आंबटपणा दारामागे उभा असतो. बोलावल्याशिवाय यायचं नाही, असं त्याला सांगितलंय."

मुलगी खुदकन हसली. तिने ते वाक्य वाढप्याला फ्रेंचमध्ये सांगितलं. तोही हसला आणि आत जाऊन कुणाला तरी सांगून आला.

असं चाललं. मी "खारट", "जरा कडू", "जळल्यासारखं, पण चांगलं जळल्यासारखं" असं काहीबाही फेकत होतो, आणि नाना त्यातून एकेक पदार्थ उभा करत होते. आयुष्यभर जमवलेल्या चवी होत्या त्यांच्याकडे, त्याच खर्च करत होते. घास मात्र पाण्याबरोबर गिळत होते. शेक घेतल्यापासून थुंकी सुटायची नाही, त्यामुळे प्रत्येक घास घशात अडायचा. टेबलाखाली त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि गिळताना तो घट्ट व्हायचा.

एकदा गडबड झाली. पांढरी, थरथरती वडी आली. मी तोंड उघडायच्या आतच नाना म्हणाले, "अरे वा, खरवस!"

"बाबा, मासा आहे तो."

तिने हनुवटीखालचा हात काढला.

"अगं, दिसायला म्हणतोय मी," नाना म्हणाले. "खाल्लाय कुठे अजून?" आणि ते इतके खो खो हसले, की तीही हसली. माझ्या गुडघ्यावरचा हात घामाने ओला झाला होता.

शेवटी तिने विचारलं, "बाबा, आवडलं ना? खरं सांगा."

नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाये, असं मी जन्मात जेवलो नाही." यातला शब्दही खोटा नव्हता, हे मला खोलीवर परत आल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खालच्या स्वयंपाकघरात न्याहारीला बसलो. मालकिणीने पाव, घरचा मुरंबा, उकडलेली अंडी मांडली होती. साखरेची वाटी होती, आणि तिच्याच जोडीची दुसरी वाटी, अंड्यांसाठी मिठाची. नाना खुशीत होते. रात्रीचं जेवण पार पडलं होतं. मालकिणीला मराठीतच, हातवारे करून, तिच्या झाडावरच्या नासपतींबद्दल काही सांगत होते. सांगता सांगता त्यांनी दोन चमचे मीठ कॉफीत घातलं आणि ढवळलं.

माझ्या तोंडातला पाव तोंडातच राहिला. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी मोठा घोट घेतला होता. डोळे मिटले. "वा! काय कॉफी आहे. दाण्याचा कडवटपणा आणि वरून गोडवा, दोघे हातात हात घालून."

मुलगी त्यांच्या समोरच बसली होती. तिने मिठाच्या वाटीकडे बघितलं. मग बापाकडे. मग माझ्याकडे. मला मान खाली घालावी लागली.

मालकिणीने घाबरून कपाकडे हात नेला. मुलीने तिचं मनगट हलकेच धरलं आणि अगदी थोडी मान हलवली. नानांनी सगळा कप संपवला. ती तोंड वळवून खिडकीतून मळा बघत राहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, अजून पाव देऊ?"

विमानतळावर तिने मला वाकून नमस्कार केला. "काका, त्यांना काही बोलू नका," एवढंच म्हणाली. आता माझ्याकडे दोघांचं एकच गुपित होतं, आणि दोघांनाही मी शब्द दिला होता.

रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. एक दिवस नानांनी मला खिडकीतून हाक मारून बोलावलं. फोन नुकताच संपला होता.

"ती हल्ली विचारत नाही रे."

"काय?"

"काय जेवलात, ते. हवा विचारते, पाण्याचं विचारते, वाडीतल्या मांजराचंपण विचारते. जेवणाचं नाही." ते हातातल्या फोनकडे बघत होते. "कळलं वाटतं तिला."

मी त्यांच्या हातातला फोन घेऊन खिडकीत ठेवला.

"आता मी तिला सांगू तरी काय?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी गाठ परत आली. या वेळी मुलीने रजा काढली आणि ती आलीच. नानांच्या नाकात नळी घातली होती, बोलणं बंद झालं होतं. नर्सकडून शिकून घेऊन ती स्वतःच त्या नळीतून दुधासारखं पातळ अन्न सोडायची. पिचकारी अगदी सावकाश रिकामी करायची. दोघं एकमेकांकडे बघायचे, पण चवीचा विषय तिने काढलेला मी कधी ऐकला नाही.

नाना गेले त्याच्या थोडे दिवस आधीची दुपार आठवते. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक माणूस होता. त्याच्या घरून भाकरी आणि झुणका आला होता. नळीवाल्या माणसासमोर खायचं कसं, म्हणून बिचारा नानांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून भराभर घास कोंबत होता. नानांनी खाटेच्या दांडीवर अंगठीने टकटक केलं. तो दचकून वळला आणि डबा झाकायला लागला.

नानांनी हात हलवून नको म्हटलं. बोटाने खूण केली, इकडे तोंड कर. मग तळवा खाली करून हवेत हळूच दाबला. सावकाश.

तो माणूस वळून बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि संकोचत तोंडात घातला. नाना उशीवर कलते झाले आणि त्याचं जेवण संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.