उलटे बसलेले खटके

हे ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या घरचा बल्बसुद्धा बदलू देणार नाही, माहितीये मला. तरी सांगतो. चहा घ्या आधी.

माझी जीप तुम्ही पाहिलीये. बावीस वर्षांची, चारही चाकांवर चालणारी. डोंबिवलीत अशी गाडी कशाला लागते, ते विचारू नका. ते बायको रोज विचारते.

तर या गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर, बरोबर मधोमध, एकेक गोल खटका असतो. तो 'फ्री'वर असला की गाडी फक्त मागच्या चाकांवर पळते. चिखलात शिरायचं झालं तर उतरून तो 'लॉक'वर फिरवायचा, मग पुढची चाकंही जोर लावतात. झालं, शास्त्र संपलं!

माझे खटके गंजून घट्ट झालेले. गॅरेजवाल्याचं अर्ध्या तासाचं काम. पण मी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिलेले ना! रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेपर अंथरून बसलो. खटके खोलले, रॉकेलने धुतले, ग्रीस लावलं. एक बसवला, मग त्याच्याकडे बघून हुबेहूब तसाच दुसरा. आणि शेवटी एकही नट उरला नाही! बायकोला, शुभांगीला, मुद्दाम खाली बोलावून मी तो रिकामा पेपर दाखवला.

"चालवून बघितलीस का?" तिनं विचारलं.

"अगं, खटका फिरतोय ना! अजून काय बघायचं?"

पुढच्याच आठवड्यात दिनेशचा फोन. माझ्या ऑफिसातला, खाडीकाठचा कोळी. "पावसाआधी होडी वर ओढायचीय रे. ट्रॅक्टरवाला आयत्या वेळी नाही म्हणतोय. भरतीच्या आत झालं पाहिजे. तुझी जीप जमेल?"

जमेल? अहो, या फोनची तर मी इतकी वर्षं वाट बघत होतो!

गेलो. सोबत शुभांगी. काठावर दिनेशचे आईवडील, काका, अर्धा पाडा. मी गॉगल लावून उतरलो, सगळ्यांना दिसतील असे दोन्ही खटके 'लॉक'वर फिरवले, गाडी मागे घेत चिखलात नेली. होडीला दोर बांधला आणि दिला ॲक्सिलरेटर!

होडी हलली नाही. गाडी हलली. खाली!

मागची चाकं वीतभर रुतली आणि चिखल उडाला तो थेट काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर.

"होतं असं," मी म्हटलं. "ग्रीस नवीन आहे. गरम झालं की धरेल."

चाकांखाली फळ्या टाकल्या, गोणपाट टाकलं. शेवटी दोर सोडला आणि सगळे ढकलायला लागले. म्हणजे बघा, होडी ओढायला आलेली गाडी आता होडीवाले ढकलत होते! गाडी अजून रुतली. आणि पाणी? ते आपलं निवांत वर येत होतं. मागच्या बंपरला लागलं, तसा मी गॉगल काढून खिशात टाकला. होडीचं काय, ती तरंगली असती. जीप कशी तरंगणार?

दिनेशची आई इतका वेळ काठावर बसून नुसती बघत होती. आता तिनं हाक मारली, "काय रं सुनील, तुजी गारी चारी चाकांवर चालते ना?"

"हो काकू, चारही!"

"मंग पुरची दोन गप का बसलीन?"

मी दिनेशला स्टिअरिंगवर बसवलं आणि उतरून बघितलं. मागची चाकं गरगर फिरत होती. पुढची? लग्नात मान न मिळालेल्या पाहुण्यांसारखी ढिम्म!

आणि तिथे, गुडघाभर चिखलात, माझ्या डोक्यात उजेड पडला. खटके मी उलटे बसवले होते! 'लॉक' म्हणजे फ्री आणि 'फ्री' म्हणजे लॉक. दुसरा पहिल्याकडे बघून बसवलेला, त्यामुळे चूकसुद्धा दोन्हीकडे अगदी शिस्तीत!

गुपचूप दोन्ही खटके 'फ्री'वर केले. गाडीनं एक हिसका दिला आणि बाहेर! मग दोर बांधून होडीही वर आली. टाळ्या पडल्या. मी गॉगल परत लावला.

अंगणात चहा आला. काकूंनी कप हातात दिला आणि काळजीनं विचारलं, "या चाकांचं काम कनच्या मेस्तरीनं केलंय रं? नाव सांग. आमचा टेम्पो चुकून त्याच्याकरं जायला नको."

मी कपात बघत म्हटलं, "आहे एक डोंबिवलीत. तुम्ही नाही ओळखत."

"मी ओळखते ना," गालावरचा चिखल पुसत शुभांगी म्हणाली. "चार दिवस झाले, आमचा गीझर खोलून बसलाय."